चार पानांचें मोल

खिशांत मावेल एवढ्या पाकिटांत चार-सहा पत्ते, सोबत सूचनांचा एक कागद, आणि वर एखादें भडक नांव. अशीं जादूच्या खेळांचीं पाकिटें आतां टपालानें कोणत्याही गांवीं येऊन पोंचतात. पत्त्यांच्या जादूची आवड आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस आहे, व ती वाईट आहे असें आम्ही मानीत नाहीं. परंतु ज्या जिल्ह्यांत पाऊस चुकला किंवा कांद्याचा भाव उतरला म्हणजे वह्यांच्या खर्चाचाही विचार करावा लागतो, तेथें पाकीट मागणाऱ्या मुलानें व त्याचे पैसे देणाऱ्या पालकानें, दोघांनींही, त्याचें मोल ठरविण्याची रीत जाणली पाहिजे. ती रीत येथें थोडक्यांत सांगूं.

प्रथम आपण विकत काय घेतों तें पाहूं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचा जोड १२० गोल पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाचीं १२ पानें. हातानें रंगविलेलें तें पान स्वतःच मोलाची वस्तु होय. ज्याला खेळ येत नाहीं त्यानेंही तें आवडीनें जतन करावें. जादूच्या पाकिटाचें तसें नाहीं. त्यांतील कागदाचें मोल अल्प असतें. पैसे पडतात ते तीन गोष्टींचे: खेळाची कल्पना, ती शिकविणाऱ्या सूचना, आणि कांहीं खेळांत मुद्दाम छापविलेलीं विशेष पानें, जसें, दोन्ही बाजूंस पाठच असलेलें किंवा दोन्ही बाजूंस चित्र असलेलें पान. या तिहींपैकीं आपल्यापाशीं आधींच काय आहे, हा पहिला प्रश्न.

उदाहरणानें हें स्पष्ट होईल. ब्रिटनमधील अॅलेक्स एल्म्सली यांनीं १९५० नंतरच्या दशकांत चार पानें मोजण्याची एक युक्ति बसविली. त्या मोजणीच्या आधारें डाय व्हर्नन यांचा चार एक्क्यांचा खेळ १९६० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पालथे धरलेले एक्के एकामागून एक आपोआप उताणे होतात, आणि त्यास साध्या जोडांतील चार एक्क्यांखेरीज कांहींही लागत नाहीं. अमेरिकेंतील मॅरियनिस्ट संघाचे धर्मबंधु जॉन हॅमन यांच्या नांवानेंही अशीच एक मोजणी ओळखली जाते. पुढें निघालेलीं पुष्कळ पाकिटें अशा थोड्या मोजण्यांवरच उभीं आहेत. ज्याच्या हातीं मोजणी बसली, त्याला दहा खेळांचें दार उघडलें. ज्याच्या हातीं ती बसली नाहीं, त्याचें दहावें पाकीटही पेटींत पडून राहील. म्हणून 'सरावाची गरज नाहीं' असें जाहिरातींत वाचलें तर तेथेंच थांबून विचार करावा.

आतां चार कसोट्या. पहिली: खेळांत काय घडतें तें एका वाक्यांत सांगतां येतें काय? 'चार एक्के एकेक करून उलटतात' हें लहान भावंडालाही समजतें. जो खेळ सांगतांनाच गोंधळ होतो, तो पाहणाऱ्यालाही गोंधळांतच टाकतो. आणि गोंधळ म्हणजे आश्चर्य नव्हे. दुसरी: विक्रेत्याच्या चित्रफितींत तो खेळ आरंभापासून शेवटपर्यंत अखंड दाखविला आहे काय? मध्येंच चित्र तोडून टाळ्या वाजविणारीं माणसेंच दाखविलीं असतील, तर जें झांकलें तेंच पाहण्याजोगें होतें असें समजावें. तिसरी: खेळ चोहोंबाजूंनीं पाहिला तरी टिकतो काय, आणि शेवटीं पानें प्रेक्षकाच्या हातीं देतां येतात काय? शाळेंत बाकाभोंवतीं मुलें सर्व बाजूंनीं गर्दी करतात आणि 'दाखव पाहूं' म्हणून हात पुढें करतात. समोरच्या एकाच माणसाकरितां रचलेला खेळ तेथें निभत नाहीं. चौथी कसोटी त्रैराशिकाची. ३०० रुपयांचें पाकीट तीन वेळां दाखवून टाकून दिलें, तर प्रत्येक प्रयोग १०० रुपयांस पडला. तेंच ६० वेळां दाखविलें, तर ५ रुपयांस. तेव्हां किंमत पाकिटावर छापलेली असली, तरी तें स्वस्त कीं महाग हें आपल्या सरावानेंच ठरतें.

आपला सराव किती टिकेल हें आधीं एका फुकट खेळावर पाहावें. साध्या जोडांतील २१ पानें घ्या. प्रेक्षकास एक पान मनांत धरावयास सांगा. पानें उताणीं, आडव्या ओळींनीं, सात-सात पानांच्या तीन रांगांत मांडा. त्याचें पान कोणत्या रांगेंत आहे तें विचारा. ती रांग इतर दोहोंच्या मध्यें ठेवून पानें गोळा करा. असें तीनदां केलें म्हणजे त्याचें पान वरून अकरावें येतें. कारण असें: पहिल्या फेरीनंतर तें पान ८ ते १४ या स्थानांत असतें. पुन्हां मांडतांना तें आपल्या रांगेंत तिसरें, चौथें किंवा पांचवें पडतें. त्यावर सात पानें आलीं म्हणजे त्याचें स्थान १०, ११ किंवा १२. तिसऱ्या मांडणींत हीं तिन्ही स्थानें रांगेच्या चौथ्या जागींच येतात. आणि सात अधिक चार अकरा. हा खेळ जो महिनाभर घोटून, मजेदार बोलण्याची जोड देऊन, घरच्या मंडळींस रंगवून दाखवील, त्यानें पाकीट मागावें. ज्याला आठवड्यांत त्याचा कंटाळा येईल, त्याचे पैसे वांचले.

ग्रंथांचीही आठवण ठेवावी. प्रोफेसर हॉफमन यांचा 'मॉडर्न मॅजिक' हा ग्रंथ १८७६ सालचा व एर्डनेझ यांचा पत्त्यांवरील ग्रंथ १९०२ सालचा; दोन्हींची इंग्रजी जड आहे, परंतु एकेका ग्रंथांत अनेक पाकिटांचें ज्ञान आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर यांच्या घराण्यांत ही कला तीन पिढ्या चालत आली आहे. अशी कला पाकिटानें नव्हे, तालमीनें उतरते.

पैशाहून मोठी एक गोष्ट येथें पणास लागलेली असते, ती म्हणजे सचोटी. १५८४ सालीं इंग्लंडांत रेजिनल्ड स्कॉट यांनीं हातचलाखीचीं रहस्यें छापलीं, तीं चेटकीण म्हणून निरपराध माणसांचा छळ होऊं नये म्हणून. आपल्या राज्यांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्याही मुळाशीं भोळ्या माणसाची फसवणूक थांबविण्याचा हेतु आहे. जादूगार 'मी तुम्हांस चकवितों' असें सांगून चकवितो. भोंदू तेंच दैवी शक्तीच्या नांवानें करतो. आणि तीन पानें फिरवून 'राणी ओळखा' म्हणत पैसे लावावयास सांगणारा, तेंच लुटण्याकरितां करतो. मढीच्या किंवा हरेगांवच्या यात्रेस जाणाऱ्या मुलांनीं हा भेद पक्का ध्यानांत ठेवावा. हाताची कला तिघांची एकच असूं शकेल. मन एक नव्हे.

तीच सचोटी विकत घेतांनाही पाळावी. एकानें पाकीट घेऊन सूचनांच्या प्रती दहा मित्रांस वांटल्या, तर कल्पना योजणाऱ्याचे कष्ट बुडाले, आणि रहस्यही उरलें नाहीं. त्यापेक्षां दोघां-तिघां मित्रांनीं वर्गणी करून एकच पाकीट घ्यावें व एकत्र बसून सराव करावा.

पालकांस एवढीच विनंति कीं, मागणी ऐकतांच नकार देऊं नये व लागलींच पैसेही काढूं नयेत. 'आधीं एकवीस पानांचा खेळ दाखव' असें म्हणावें. चार माणसांपुढें उभें राहावयास लाजणारें मूल जर त्या निमित्तानें मान वर करून बोलूं लागलें, तर तें पाकीट कितीही लहान असो, पैसे वायां गेले असें कोणी म्हणणार नाहीं.