धनुकलीची झीज आणि वहीतला घसारा

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द फळ्यावर लिहिला गेला, तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा चारपाच जणांची थोडी तारांबळ उडाली. पण सरांनी ‘घसारा’ म्हणताच अर्थ डोळ्यांपुढे उभा राहिला. शेजारच्या बाकावरचा कन्नड मित्र म्हणाला, “आमच्याकडे याला सवकळि म्हणतात.” कन्नडमध्ये ‘सवेयुवुदु’ म्हणजे झिजणे, आणि झिजून गुळगुळीत झालेले नाणे ते ‘सवकलु नाण्य’. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी किंमत आहे. किंमत उतरणे एवढाच त्याचा अर्थ. आपल्या दोन्ही भाषांनी मात्र वस्तूच्या अंगावर बोट ठेवले आहे. कोठेतरी काहीतरी घासले जाते, म्हणून घसारा. हा फरक मला पुस्तकात कळला नाही. तो एका धनुकलीने शिकविला, आणि तोही माझ्या हातून तिचे नुकसान झाल्यावर.

धनुकली म्हणजे कापूस पिंजण्याचे धनुष्य. निपाणी-बेळगाव भागात नदाफ किंवा पिंजारी घराण्यांत ती पिढ्यान्पिढ्या चालत आली. लांब, जाड लाकडी दांडा. त्याच्या एका टोकाला रुंद फळी. फळीच्या गोलसर कडेवर चामड्याची पट्टी. आणि तिच्यावरून दुसऱ्या टोकाच्या खुंटीपर्यंत ताणलेली आतड्याची तात. मोठी धनुकली आढ्याला बांबूची कमान बांधून तिला टांगतात. डाव्या हातात दांडा धरावयाचा आणि उजव्या हातातील लाकडी मुठियाच्या ओठाने तात ओढून सोडावयाची. धनुष्याची दोरी बाण फेकते, ही दोरी कापसाचे तंतू फेकते. थरथरणाऱ्या तातीने गाठी सुटतात, कचरा खाली पडतो आणि कापूस फुलून येतो.

बेळगावकरांना या अवजाराचे अगत्य वाटावयास आणखी एक कारण आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली झालेले एकमेव अधिवेशन. सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत देण्याची अट तेथे मान्य झाली. सूत म्हटले की आपल्याला चरखा आठवतो. पण चरख्यावर पेळू लागतो, ज्याला कन्नडमध्ये हंजी म्हणतात, आणि पेळू वळण्याआधी कापूस पिंजावा लागतो. खादीसाठी झटणारे गंगाधरराव देशपांडे याच जिल्ह्यातल्या हुदलीचे. गांधीजी १९३७ साली हुदलीला येऊन राहिले होते. चरख्याची चित्रे घरोघर लागली, धनुकलीचे चित्र मी तरी कोठे पाहिलेले नाही. असो.

आमच्या गल्लीत एक वृद्ध पिंजारी चाचा राहतात. ‘जुने व्यवसाय’ या विषयावरील एका प्रदर्शनासाठी मी त्यांची धनुकली मागून आणली. दांडा काळपट, ठिकठिकाणी चरे पडलेले, खुंटीपाशी केसाएवढी एक रेघ. मला वाटले, अशी वस्तू लोकांसमोर कशी ठेवावी? दोन संध्याकाळ खपून मी ती पॉलिश कागदाने घासली. रेघेत लाकडाचा भुसा नि सरस भरला आणि वरून पॉलिशचे दोन हात दिले. प्रदर्शनाच्या सकाळी तात मीच चढविली, आणि आवाज लांबवर जावा म्हणून चांगली ताणून चढविली. चाचांनी चारपाच ठोके मारले असतील नसतील, तोच खुंटीपाशी दांडा वीतभर उभा चिरला.

ते रागावले नाहीत, याचीच मला अधिक लाज वाटली. त्यांनी तात उतरविली, चिरलेल्या जागी बोट फिरविले आणि म्हणाले, “बाळा, ही रेघ मला ठावूक होती. म्हणून मी तात जरा ढिलीच ठेवायचो. तू ती झाकलास.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला धनुकली वाचावयास शिकविले. दांड्याच्या मध्यावर, डावा हात जेथे धरतो तेथे, लाकूड काचेसारखे चकचकीत झालेले असते. मी नेमके तेच घासून खडबडीत केले होते. चाचा म्हणाले, “ते घासलेलं न्हवं, बसलेलं हाय.” चाळीस वर्षांच्या हाताने बसलेली ती जागा आता पुन्हा हाताला फोड आणणार होती. दांड्यावरचे आडवेतिडवे चरे हे नेण्या-आणण्याचे आणि भिंतीला टेकविल्याचे. त्यांनी काही बिघडत नाही. मुठियाच्या ओठावर तातीची खाच पडते. ती खोल झाली की तात अडकू लागते, मग मुठिया उलटा धरून दुसरे टोक वापरावयाचे. तात नेहमी एकाच जागी ठोका खाते म्हणून तिथले पीळ सुटून केस उभे राहतात. खुंटीवर गुंडाळून ठेवलेली जास्तीची तात थोडी सोडली की ठोक्याखाली ताजा भाग येतो. सर्वांत फसवी झीज फळीवरच्या चामड्याची. वरून ती नुसती रेषा दिसते, पण तिच्यात कापसातली वाळू बसते आणि तात खालून कापली जाते. म्हणून तात तुटण्याची वाट न पाहता चामडे बदलावयाचे.

चरा कोणता आणि चीर कोणती हे ओळखण्याची त्यांची रीत साधी आहे. चरा तात चढविली काय, उतरविली काय, तेवढाच राहतो. चीर ताणाखाली उघडते आणि ताण सुटला की मिटते. आणि एखादी जागा तातीला कापील की नाही हे पाहावयाचे असेल, तर तिच्यावरून कापसाचा पुंजका फिरवावा. तंतू अडकला तर धार आहे, सरकला तर नुसती झिलई.

यानंतर मी घसाऱ्याचे प्रकरण पुन्हा उघडले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य १५ वर्षे धरले आहे, आणि शेवटी उरणारी किंमत साधारणतः मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक धरावयाची नाही. समजा, धनुकली ६००० रुपयांची. ३०० रुपये शेवटची किंमत सोडली तर ५७०० भागिले १५, म्हणजे दरसाल ३८० रुपये घसारा. यंत्र दोन पाळ्यांत चालले तर तेवढ्या काळापुरता घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तीन पाळ्यांत चालले तर १०० टक्क्यांनी. म्हणजे वापराने झीज होते हे कायद्यालाही ठाऊक आहे. पण ३८० रुपयांतले मुठीच्या चकाकीचे किती आणि खुंटीच्या चिरेचे किती, हे वही सांगत नाही. चकाकीने अवजार हाताला अधिक चांगले झाले होते, तरी वहीत ते उतरतच होते. मी पॉलिशला १४० रुपये खर्च केले, आणि पाहणाऱ्याला त्या दिवशी वस्तूची किंमत वाढल्यासारखी वाटली असणार! वहीचा हा दोष नव्हे. नफा काढताना भांडवल खाल्ले जाऊ नये, एवढेच तिचे काम. वस्तू तपासण्याचे काम वेगळे आहे, आणि ते वही करते आहे अशी समजूत आम्ही विद्यार्थी करून घेतो.

याच प्रकरणात घसाऱ्याचे आणखी एक कारण दिलेले असते, ते म्हणजे कालबाह्यता. चाचांची धनुकली झिजून थांबली नव्हती. विजेवर चालणारे पिंजण्याचे यंत्र आले, पुढे फोमच्या गाद्या आल्या, आणि रस्त्याने धनुकलीचा टणत्कार करीत जाणाऱ्या पिंजाऱ्याला हाक मारणारी घरे कमी होत गेली. या घसाऱ्याची कोणतीही खूण दांड्यावर दिसत नाही, कापसाचा पुंजका फिरवूनही ती सापडणार नाही.

चिरलेल्या जागेला चाचांनी भिजविलेल्या कच्च्या चामड्याची पट्टी गुंडाळली. वाळताना ती आवळली आणि चीर मिटली. सरस खरवडून काढण्याचे काम मला दिले होते. आता दिवाळीच्या आधी त्यांच्या घरची एक-दोन उशांची कामे ते त्याच धनुकलीवर करतात, तात ढिली ठेवून. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा त्यांनी पुंजका माझ्या हातात दिला. फळीवरच्या नव्या चामड्यावर एक बारीक रेषा उमटू लागली आहे. तंतू अजून अडकत नाही.