वेग दुप्पट, अंतर तिप्पट

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. पुणे-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. लांब पल्ल्याचे ट्रक, एस.टी. गाड्या, मोटारी आणि पाळी सुटल्यावर घरी निघालेल्या कामगारांच्या दुचाक्या, सारे एकाच रस्त्यावर. पण प्रत्येकाचा वेग निराळा. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका किंवा दादा अशाच रस्त्याने रोज कामावर जात असतील. म्हणून वेगाचे गणित आपल्याला ठाऊक हवे.

प्रथम आकडे पाहू. भारतात १९७० साली रस्त्यांवर सुमारे १ लाख १४ हजार अपघातांची नोंद झाली आणि सुमारे १४,५०० माणसे दगावली. २०२२ साली अपघात होते ४,६१,३१२ आणि मृत्यू १,६८,४९१. म्हणजे अपघात चौपट झाले, मृत्यू मात्र साडेअकरा पटींहून अधिक! दर शंभर अपघातांमागे १९७० साली सुमारे १३ जण मरत. २०२२ साली ३६ हून अधिक मेले. वाहने वाढली म्हणून अपघात वाढले हे खरे, पण अपघात अधिक प्राणघातक का झाले? किरकोळ अपघातांची पुष्कळदा नोंद होत नाही, हे एक कारण असू शकेल. दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे वेग. २०२२ च्या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत.

आता एक उदाहरण सोडवू. दोन मोटारी शेजारी शेजारी धावत आहेत. पहिलीचा वेग ताशी ३६ कि.मी., म्हणजे सेकंदाला १० मीटर. दुसरीचा ताशी ७२ कि.मी., म्हणजे सेकंदाला २० मीटर. अचानक पुढे सायकलस्वार आडवा येतो. त्याला पाहून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो, असे धरू. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होतो.

पहिली मोटार त्या एका सेकंदात १० मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १० मीटर. एकूण २० मीटर. दुसरी मोटार एका सेकंदात २० मीटर आणि ब्रेक लागल्यावर ४० मीटर जाते. एकूण ६० मीटर.

आता नीट विचार करा. सायकलस्वार २० मीटरपेक्षा किंचित दूर असेल, तर पहिली मोटार त्याच्यापाशी येऊन थांबते. त्याच जागी दुसरी मोटार मात्र ताशी ७२ कि.मी. वेगानेच पोहोचलेली असते. तिचे ब्रेक तेव्हा कुठे लागू लागतात! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. दुचाकीस्वाराभोवती मोटारीसारखा पत्रा नसतो, म्हणून हा आघात थेट शरीरावर येतो. २०२२ च्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. डोक्यावरचे हेल्मेट आघाताचा काही भाग स्वतः झेलते.

घाईने लाभ तरी किती? १८ कि.मी. अंतर ताशी ५४ कि.मी. वेगाने २० मिनिटांत, ७२ ने १५ मिनिटांत कापले जाते. वाचली पाच मिनिटे. ऊर्जा मात्र पावणेदोन पटींहून अधिक झाली.

तुम्ही सोडवा : ताशी ५४ कि.मी. वेगाची मोटार किती अंतरात थांबेल? (उत्तर : ३७.५ मीटर.) हे गणित आज घरी सर्वांना समजावून सांगा.