फोड सारखे, आजार निराळे

अंगावर पाण्याने भरलेले मोठे फोड उठले की घरची मंडळी संसर्गाच्या भीतीने रुग्णाची ताटवाटीसुद्धा वेगळी करतात. वास्तविक या आजारांत शरीराची प्रतिपिंडे स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली असतात. ते स्पर्शाने पसरत नाहीत. हे आम्ही नातेवाइकांना सर्वांआधी सांगतो.

पेम्फिगस व पेम्फिगॉइड हे दोन आजार वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली सूक्ष्मदर्शकाच्या आधारे वेगळे ठरविले. पहिल्यात बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. दुसऱ्यात सबंध बाह्यत्वचाच खालच्या थरावरून उचलली जाते. चकाकणाऱ्या रंगाने प्रतिपिंडे दृश्य केली असता पेम्फिगसमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते, तर पेम्फिगॉइडमध्ये दोन थरांच्या सांध्यावर एकच सलग रेषा.

परंतु ही रेषा फसवी आहे. एपिडर्मोलिसिस बुलोसा अक्विझिटा या दुर्मीळ आजारातही ती हुबेहूब तशीच दिसते. येथे उपयोगी पडते ते साधे मीठ! निरोगी त्वचेचा तुकडा मिठाच्या तीव्र द्रावणात थंड जागी ठेवला की त्याचे दोन थर सांध्यातच विलग होतात. त्यावर रुग्णाच्या रक्तातील द्रव घातल्यास पेम्फिगॉइडची प्रतिपिंडे फटीच्या छताला चिकटतात, दुसऱ्या आजाराची तळाला. तळाला चिकटणारे आणखीही काही विरळ आजार आहेत; त्यांच्यासाठी रक्ताच्या वेगळ्या तपासण्या कराव्या लागतात.

हा भेद केवळ नावापुरता नाही. पेम्फिगॉइड बहुधा उतारवयात होतो आणि पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड मलमानेही आटोक्यात येतो. दुसरा आजार मात्र चिवट असून स्टिरॉइडला सहसा पुरेशी दाद देत नाही. निदान चुकल्यास मधुमेही वृद्धाला निष्कारण जड औषधे सोसावी लागतात.

बाहेरून येणारा नमुना अनेकदा फॉर्मॅलिनमध्ये बुडविलेला असतो. साध्या तपासणीस तो चालतो. प्रतिपिंडांच्या तपासणीस मात्र निरुपयोगी ठरतो, कारण फॉर्मॅलिनमुळे प्रतिपिंडांची ओळख पटेनाशी होते. मग फोडालगतच्या, वरून शाबूत दिसणाऱ्या त्वचेतून दुसरा तुकडा घेऊन तो निराळ्या द्रावणात ठेवावा लागतो. "एकदा तुकडा काढला, पुन्हा कशाला?" असे नातेवाईक विचारतात, तेव्हा त्याचे उत्तर हे आहे.