परतीचा हिशेब

'पुढें टाकलेलें पाऊल मागें घेऊं नये' हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तो खोटा नाहीं. परंतु जगांत अशींही कांहीं स्थळें आहेत कीं, जेथें पुढें टाकलेलें पाऊल केवळ हट्टाचें ठरतें, आणि मागें घेतलेलें पाऊल विवेकाचें व धैर्याचें असतें. हिमालयाचीं अत्युच्च शिखरें हें असेंच एक स्थळ होय. तेथें घडलेल्या कांहीं प्रसंगांच्या आधारें या गोष्टीचा विचार करूं.

प्रथम त्या स्थळाची कल्पना करून घेऊं. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारें ५,४०० फूट. एव्हरेस्टची उंची २९,०३२ फूट, म्हणजे कळसूबाईच्या पांचपटीहूनही अधिक. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, उंचावरील हवेंत प्राणवायूचें प्रमाण कमी असतें. वस्तुतः तें सर्वत्र शेंकडा सुमारें २१ इतकेंच असतें. कमी होतो तो हवेचा दाब. एव्हरेस्टच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारें एक तृतीयांश उरतो, आणि म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही तसाच घटतो. मनुष्याचें शरीर हळूहळू विरळ हवेशीं जुळतें घेतें. परंतु सुमारें २६,००० फुटांच्या वर तें सामर्थ्यही पुरें पडत नाहीं. तेथें भूक मरते, झोंप उडते, आणि विश्रांतीनेंही शक्ति भरून येत नाहीं. सर्वांत मोठा धोका हा कीं, ज्या बुद्धीनें 'आतां परत फिरावें' असा निर्णय करावयाचा, ती बुद्धिच मंद होते.

आतां पहिला प्रसंग. १९२४ सालच्या मोहिमेंत ४ जून रोजीं नॉर्टन व सॉमरव्हेल हे दोघे सुमारें २६,८०० फुटांवरील तंबूंतून सकाळीं पावणेसातच्या सुमारास निघाले. त्यांच्याजवळ प्राणवायूचीं नळकांडीं नव्हतीं. मध्यान्हाच्या सुमारास सॉमरव्हेलचा घसा इतका बिघडला कीं, त्यास पुढें जाणें अशक्य झालें. तो बसून राहिला व नॉर्टन एकटा पुढें गेला. वाट शोधतांना त्यानें डोळ्यांवरील चष्मा काढला होता. त्यामुळें त्यास आतां एका वस्तूच्या दोन दिसूं लागल्या होत्या. दुपारीं एक वाजण्याच्या सुमारास तो २८,१२६ फुटांवर पोंचला. माथा अवघा ९०० फूट वर राहिला होता.

येथें आपण एक साधें त्रैराशिक मांडूं. शेवटच्या एका तासांत नॉर्टन सुमारें १०० फूटच वर चढला होता. त्या गतीनें उरलेले ९०० फूट चढावयास नऊ तास लागले असते, म्हणजे माथ्यावर पोंचावयास रात्रीचे दहा वाजले असते. मग काळोखांत, गोठविणाऱ्या थंडींत, दुखावलेल्या डोळ्यांनीं तो उतरला असता काय? नॉर्टन परत फिरला. त्याच रात्रीं बर्फाच्या तेजानें त्याची दृष्टि गेली व कांहीं दिवसांनीं ती पुन्हां आली. उतरतांना सॉमरव्हेलच्या घशांतील आंतली त्वचा सुटून श्वासनलिकेंत अडकली व त्याचा श्वास कोंडला. आपण आतां मरणार असें समजून तो खालीं बसला. परंतु शेवटचा उपाय म्हणून दोन्ही हातांनीं छाती दाबतांच तो अडथळा बाहेर पडला व प्राण वांचले. दोघांच्याही अंगांत उतरण्यापुरतेंच बळ उरलें होतें. तें चढण्यांत खर्चलें असतें, तर उतरणार कोण?

हा सॉमरव्हेल शस्त्रवैद्य होता. पुढें त्यानें त्रावणकोरांतील नेय्यूर येथील मिशनच्या इस्पितळांत अनेक वर्षें रुग्णांची सेवा केली. डोंगरावरून जिवंत परत आलेल्या त्या हातांनीं किती दुःखितांच्या वेदना शमविल्या, याचाही हिशेब माघारीच्या जमेच्या बाजूस धरला पाहिजे. या गृहस्थानें दोन वर्षांपूर्वीं एक भयंकर प्रसंग पाहिला होता. ७ जून १९२२ रोजीं ताज्या बर्फावरून वर जात असतां हिमकडा कोसळला आणि सात हमाल प्राणांस मुकले. साहेब लोक वांचले. ओझीं वाहणारे गेले. तेव्हां, पुढें जाण्याचा निर्णय करणारा मनुष्य केवळ आपलाच जीव पणास लावीत नसतो, हें विसरतां कामा नये.

दुसरा प्रसंग १९५३ सालचा. २६ मे रोजीं इव्हान्स व बर्डिलन हे दोघे दुपारीं एकच्या सुमारास दक्षिण शिखरावर पोंचले. मानवानें त्यापूर्वीं कधींही गांठली नव्हती अशी ती खात्रीची उंची होती. मुख्य माथा डोळ्यांसमोर, सुमारें ३०० फूट वर. परंतु वेळ बराच झाला होता, प्राणवायूचा सांठा उतरत चालला होता, व इव्हान्सचें यंत्र वाटेंत बिघडलें होतें. बर्डिलनच्या मनांत पुढें जावें असें होतें. इव्हान्सनें त्यास आवरलें. दोघे थकून, घसरत, पण जिवंत खालीं आले. त्यांनीं मागें ठेवलेलीं प्राणवायूचीं नळकांडीं व पाहून आणलेली कड्याची माहिती तीनच दिवसांनीं हिलरी व तेनसिंग यांच्या उपयोगीं पडली. २९ मे रोजीं ते दोघे माथ्यावर उभे राहिले. शिखराचा मान एकास मिळाला. त्याची वाट दुसऱ्याच्या माघारीवरून गेली होती. याच इव्हान्सच्या नेतृत्वाखालीं १९५५ सालीं कांचनगंगा प्रथम सर झालें.

तिसरा प्रसंग दुःखाचा आहे. १० मे १९९६ रोजीं एव्हरेस्टवर अनेक गिर्यारोहक एकाच वेळीं चढत होते. दुपारीं अमुक वेळेस, कोठेंही असलों तरी, परत फिरावयाचें, हा नियम तेथें सर्वांस ठाऊक होता. तिघांनीं साडेअकराच्या सुमारास घड्याळ पाहून माघार घेतली. ते घरीं पोंचले. दुसरे कित्येक जण वेळ टळून गेल्यावरही चढतच राहिले. सायंकाळीं वादळ उठलें. त्या वादळांत आठ जण मरण पावले, आणि त्यांत अनुभवी मार्गदर्शकही होते.

जाणत्या माणसांसही परत फिरणें इतकें कठीण कां जावें? कारण मन उलटा हिशेब करतें. किती पैसा लागला, किती महिने गेले, किती श्रम झाले, हें तें मोजतें आणि म्हणतें, 'इतकें आलों, आतां थोडक्यासाठीं कां सोडावें?' पण झालेला खर्च पुढें गेल्यानें परत मिळत नाहीं. मोजावयाचें तें शिल्लक राहिलेलें: दिवस किती उरला, बळ किती उरलें, सोबत्याची अवस्था काय. शहाणे गिर्यारोहक म्हणूनच परतीची वेळ खालीं, डोकें शांत असतांना ठरवितात, आणि वर गेल्यावर तिच्याशीं वाद घालीत नाहींत.

मात्र या धड्याचा कोणी विपर्यास करूं नये. घाम येण्यापूर्वींच जो बसला, त्यानें माघार घेतली असें म्हणतां येत नाहीं. तो चढलाच नव्हता. नॉर्टन २८,००० फूट चढला, म्हणून त्याच्या परत फिरण्यास मोल आहे. पालकांसही एक विनंति आहे. पुरांत पाय घालून परत आलेल्या, किंवा मित्रांच्या पैजेस नाहीं म्हणून घरीं आलेल्या मुलास भित्रा म्हणूं नये. तो शब्द ऐकलेलें मूल पुढच्या वेळीं परत फिरत नाहीं.

शिर सलामत तर पगडी पन्नास, असें आपले वडील म्हणत. डोंगर उद्यांही तेथेंच राहणार आहे. आपण मात्र उद्यां असलें पाहिजे, हें ज्यानें त्यानें परतीच्या हिशेबांत प्रथम मांडावें.