वळवाच्या आधीची एक सकाळ: बॅटरीच्या ड्रिलची कामे आणि निगा

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरसारख्या गावातल्या जुन्या घराच्या एकाच आवारात चार प्रकारचे बांधकाम भेटते. पुढची भिंत काळ्या दगडाची, मातीत रचलेली. मागे वाढवलेली खोली विटांची. न्हाणीघर सिमेंटच्या ब्लॉकचे. गोठ्यावर लोखंडी पाइप आणि त्यांवर पत्रे. सुटलेली बिजागरी, हललेली फळी, वाऱ्याने खडखडणारा पत्रा अशी कामे इथे दरवर्षी निघतात. एवढ्याशा कामाला सुतार किंवा वेल्डर बोलावला तर तो ‘येतो’ म्हणतो आणि येत नाही. त्याचेही खरे आहे. तासाभराच्या कामासाठी हातातले मोठे काम कोण सोडणार?

बॅटरीचे ड्रिल इथे कामाला येते ते केवळ वीज जाते म्हणून नव्हे. भिंतीला भोक पाडताना घराचा मेन स्विच खुशाल बंद ठेवता येतो, ही सोय वायरच्या ड्रिलला नाही. गोठ्यापर्यंत वायर ओढावी लागत नाही आणि शिडीवर ती पायात येत नाही. मात्र या यंत्रात खरा नाशवंत भाग एकच, बॅटरी. दोन नव्या बॅटऱ्या घ्यायला गेलात की जवळजवळ नव्या मशीनचे पैसे मोजावे लागतात. म्हणून पुढची कृती मशीनच्या नव्हे, बॅटरीच्या सोयीने लावली आहे.

घेताना

लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट धरतात. पाच सेल ओळीने जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तेच पाच सेल २१ व्होल्टपर्यंत जातात, म्हणून काही कंपन्या खोक्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहितात. माल तोच. बाजारात ४८, ८८ असे आकडे छापलेली नकली मशीनेही मिळतात आणि त्यांच्या बॅटरीतही बहुधा पाचच सेल असतात. आकड्याला भुलू नका. बॅटरीच्या पाठीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास दोन्ही स्पष्ट लिहिले आहेत का ते पाहा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास यांचा गुणाकार ३६ वॅट-तास. एका युनिटमध्ये हजार वॅट-तास असतात, म्हणजे चार्जरमधली नासाडी धरूनही एका युनिटमध्ये अशी बॅटरी वीसेक वेळा भरते. विजेच्या बिलाची काळजी सोडा.

घरकामाला १८ व्होल्टचे, हॅमरची सोय असलेले, १० किंवा १३ मिलिमीटर चकचे ड्रिल पुरते. बॅटऱ्या दोन घ्या. चार अँपिअर-तासाची एक मोठी घेण्यापेक्षा दोन अँपिअर-तासाच्या दोन बऱ्या: शिडीवर हात कमी भरून येतो, आणि एक गरम झाली की दुसरी लावता येते.

आदल्या रात्री

चार्जिंग रात्री करा. चैत्र-वैशाखात बारामतीच्या या जिरायती पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त असतो. बऱ्याच चार्जरच्या पुस्तिकेत १० ते ४० अंश सेल्सियस या मर्यादेतच चार्ज करा असे सांगितलेले असते. ते शोभेसाठी नसते. तापलेला सेल भरत गेलात तर त्याची साठवण कायमची कमी होत जाते. दगडी भिंतींची मधली खोली घरात सगळ्यात गार असते. चार्जर तिथे, फरशीवर ठेवा. गोधडीवर, कापसाच्या गादीवर किंवा धान्याच्या पोत्यावर नको.

जनरेटरवर चार्जर लावू नका; पुस्तिकांत तशी मनाई बहुधा असते. इन्व्हर्टरवर लावल्यावर चार्जर गुणगुणू लागला किंवा नेहमीपेक्षा तापला तर काढून घ्या आणि लाइटीची वाट पाहा.

बॅटरी पूर्ण उतरवूनच पुन्हा भरायची, ही शिकवण निकेल-कॅडमियमच्या काळची. लिथियमला ती उलट मारक आहे. मशीन मंदावले की थांबा. बटण दाबून दाबून शेवटचा थेंब काढू नका.

पहाटे पत्र्यावर

पत्र्याचे काम वळवाच्या वादळाआधी आणि ऊन चढण्याआधी उरकायचे. वळवाचा वारा आधी सैल स्क्रूचा कोपरा शोधतो, तिथून पत्रा उचलतो आणि मग सगळी ओळ जाते.

वर चढण्याआधी एक गोष्ट नक्की करा: पत्रा लोखंडी आहे की सिमेंटचा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि भोक पाडताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. शिवाय तो पत्रा पायाखाली फुटतो. त्याला ड्रिल लावायचेच नाही.

लोखंडी पत्र्यावर पाय ठेवायचा तो खाली आडवा पाइप आहे तिथेच. स्क्रूची ओळ पाहिली की पाइपची ओळ कळते. शिडी कुणीतरी धरून ठेवावी. मशीन दोरीने वर घ्या, कमरेला लटकवून चढू नका.

पत्र्याच्या सेल्फ स्क्रूचे डोके षटकोनी असते आणि त्याला बहुधा ८ मिलिमीटरचा चुंबकी सॉकेट बसतो. मशीनचा गिअर २ वर, क्लचची कडी मधल्या आकड्यावर ठेवा. नालीदार पत्र्यात स्क्रू लाटेच्या माथ्यावर मारतात, खोलात नाही. खोलातून पाणी वाहते. टोक पाइपवर टेकवा, मशीन स्क्रूच्या सरळ रेषेत धरा, आधी हळू आणि टोकाने पकड घेतली की वेग वाढवा. पाइप भेदला गेला की आवाज बदलतो. तिथून बोट हलके करा. रबरी वायसर डोक्याखालून किंचित बाहेर डोकावला की थांबायचे. तो चेपून पसरला तर उन्हात वर्षभरात फाटेल. माथ्याचा पत्रा दबला तर तिथे पाणी साचेल. क्लच कटकट करून सुटू लागला तर आकडा एकेकाने वाढवा. क्लच आहेच त्यासाठी, पण कित्येकजण पहिल्या दिवसापासून कडी ड्रिलच्या खुणेवर फिरवून ठेवतात आणि मग ‘मशीन स्क्रू तोडते’ म्हणतात.

जुना स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर भोक मोठे झालेले आहे. त्याच भोकात एक नंबर जाड स्क्रू घाला. गंजलेला निघत नसेल तर थोडे गंजाचे तेल सोडून पंधरा मिनिटे थांबा, मग उलट दिशेने छोटे छोटे झटके द्या.

उतरण्याआधी पत्र्यावर पडलेला लोखंडी कीस झाडून काढा. तो तसाच राहिला तर पहिल्या पावसात गंजतो आणि त्याचे डाग पत्र्याला खायला लागतात. हे काम सगळेच विसरतात.

दाराची बिजागरी

हे काम सावलीत आहे, म्हणून दुसरे. पत्र्यावरून आणलेली गरम बॅटरी बाजूला ठेवा, दुसरी लावा.

दार खाली पाचर मारून तोलून धरा. सैल स्क्रू काढा. जुन्या भोकात बांबूची कामटी किंवा काड्यापेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोकून भरा, वरचा भाग सपाट छाटा आणि तो सुकू द्या. चौकट बाभळीची असेल तर आधी बारीक भोक घेतल्याशिवाय स्क्रू घालूच नका. चार मिलिमीटरच्या स्क्रूला तीन मिलिमीटरचे भोक बेताचे. स्क्रूच्या आट्यांना कपड्यांच्या साबणाची वडी घासा. गिअर १, क्लच सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू. शेवटचा वेढा हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने द्या, कारण लाकूड कुठे फाटणार ते मनगटाला आधी कळते.

गिअर बदलायचा तो मशीन पूर्ण थांबल्यावरच. फिरत्या मशीनचा खटका सरकवला की आतले दात झिजतात.

भिंत

आधी मेन स्विच बंद. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचे नाही, वायरचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. मशीन बॅटरीचे आहे म्हणून शॉक बसत नाही, हा गैरसमज आहे: बिट चालू वायरला लागला तर वीज चकपर्यंत येते.

विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरची गिट्टी घेतली तर भिंतीचा बिटही ८ मिलिमीटरचा. गिट्टीच्या लांबीपेक्षा सेंटिमीटरभर जास्त खोली बिटवर टेप गुंडाळून खूण करा. गिलावा हॅमर न लावता पार करा, म्हणजे त्याचे पापुद्रे निघणार नाहीत. वीट लागली की हॅमर. गावठी भट्टीची वीट मऊ असेल तर हॅमरची गरजही पडत नाही. लावलात तर भोक ऐसपैस होऊन गिट्टी फिरत राहील. पोकळ ब्लॉकमध्येही हॅमर नको.

दाबू नका. दर बोटभर खोलीला बिट फिरता ठेवूनच बाहेर काढा, भुकटी पडू द्या, पुन्हा घाला. भुकटी अडकली की बिट अडकतो, हे चंद्रावरही चुकले नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी बॅटरीवरच्या ड्रिलने तिथल्या मातीत भोके पाडली. ड्रिलच्या दांड्यांच्या सांध्यावर मातीला वर येण्याची पन्हळ तुटत होती, त्यामुळे माती तुंबली आणि दांडी रुतली. मातीच्या नमुन्यासाठी रोवलेली दांडी उपसायला तर स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांना जोर लावावा लागला. पुढच्या मोहिमेसाठी दांड्या बदलाव्या लागल्या. ते ड्रिल बनवण्यात ब्लॅक अँड डेकर या कंपनीचा हात होता, आणि तिने १९६१ मध्येच बॅटरीचे ड्रिल बाजारात आणले होते.

लिंटेल किंवा बीममध्ये भोक घेताना अचानक पुढे सरकेना तर सळई लागली आहे. जोर करू नका, दोन बोटे बाजूला नवे भोक घ्या.

आता दगडी भिंत. गावातल्या मल्लिकार्जुन मंदिराची पुष्करणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना इथला काळा दगड किती चिवट ते सांगायला नको. घरगुती बॅटरीचे हॅमर ड्रिल त्याच्यावर नुसते किंचाळते, बिटचे टोक निळे पडते आणि दोन्ही बॅटऱ्या उतरतात. दगडाला मोठे रोटरी हॅमर लागते. ते दिवसाच्या भाड्याने आणा. नाहीतर दगड सोडून सांध्यात जा. पण मातीच्या सांध्यात प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. सांधा तीन-चार इंच कोरा, सुक्या बाभळीची किंचित निमुळती खुंटी घट्ट ठोका, आणि मग त्या खुंटीत लाकडासारखा स्क्रू घाला. जुन्या घरांत कंदील अशाच खुंट्यांवर टांगत. जड मांडणीला ही युक्ती नको, तिला जमिनीवर पाय द्या.

काम करताना मशीन हाताला तापलेले लागले तर बटण सोडून नुसते ठेवू नका. बिट काढून मिनिटभर मोकळे फिरवा. आतला पंखा मोटार गार करतो.

डोळ्यांवर चष्मा सगळ्याच कामांना हवा. मफलर किंवा उपरणे गळ्यात अडकवून ड्रिल चालवू नये, हेही सांगून ठेवतो.

काम झाल्यावर

बॅटरी काढा, मगच साफसफाई. हवेच्या भोकांतली धूळ कोरड्या ब्रशने झाडा. पंक्चरच्या दुकानातली हवा मारायची तर हातभर अंतरावरून, डोळे सांभाळून. चकचे तोंड जमिनीकडे करून जबडे दोन-तीनदा पूर्ण उघडा-मिटवा, भुकटी गळून जाईल. तेल घालू नका. तेलात धूळ बसून लगदा होतो. बॅटरीचे आणि मशीनचे पितळी टोक कोरड्या कपड्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका.

बॅटरी गरम असेल तर चार्जरवर टाकण्याआधी अर्धा तास गार होऊ द्या. खिळे-स्क्रूच्या पिशवीत मोकळी बॅटरी कधीही टाकू नये: एखादा खिळा दोन टोकांना टेकला तर आग लागू शकते. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात ठेवणेही तितकेच वाईट.

पुढचे काम दिवाळीलाच असेल तर बॅटरी भरून ठेवू नका, उतरवूनही नको. बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी दोन पेटतात इतकी ठेवा, मशीनमधून काढून, डब्यात, गार खोलीत. दोन-तीन महिन्यांनी दिवे बघा. एकच उरला असेल तर पुन्हा दोनपर्यंत भरा. चार्जरची वायर उंदरांच्या तोंडी लागणार नाही अशी गुंडाळा.

ब्रशच्या मोटारीत भोकांतून मोठ्या ठिणग्या दिसू लागल्या, जळका वास आला किंवा मशीन अडखळू लागले, तर कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते जोडीनेच बदलतात. काही मशीनना बाहेरून टोपणे असतात, काहींना उघडावे लागते. उघडायचे असेल तर बारामतीला दुरुस्तीवाल्याकडे न्या. ‘ब्रशलेस’ मशीनला हा त्रास नाही.

फुगलेली, चिरलेली किंवा चार्जर नाकारतो अशी बॅटरी दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून ‘उठवू’ नका आणि उघडूही नका. वाळू भरलेल्या घमेल्यात, अंगणात, कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा. उकिरड्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, तेव्हा नवी घ्यायला जाल त्या दिवशी टोकांना चिकटपट्टी लावून जुनी सोबत न्या.