दुःखाच्या दिवसांत उपकारस्तुती

शास्त्रपाठ : १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, हबक्कूक ३:१७-१८, २ करिंथकरांस १:३-४



उपकारस्तुतीवर मी संडे स्कूलमध्ये अनेक वर्षे पाठ घेतले. पण २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे पती प्रभूकडे गेले आणि तो पाठ मला घेता येईना. प्रार्थनेला बसले की ‘प्रभू, तुझे उपकार’ हे शब्द घशातच अडकत.

त्याच पावसाळ्यात मंडळीतल्या काही जणांबरोबर मी आरेतील एका वारली पाड्यावर धान्य वाटायला गेले. आधीच्या वर्षी आम्ही दोघे मिळून जात होतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, तेव्हा स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या तिथल्या बायकांची कमाई एका दिवसात थांबली होती. तांदूळ-डाळीची पिशवी घेताना एका आजीने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “दादा नाही आले का?”

मी सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली, माझा हात धरून मला ओटीवर बसवले आणि म्हणाली, “माझा पोरगा गेला, तेव्हा मीही अशीच बसले होते.” पुढे ती काही बोलली नाही. मी खूप रडले. द्यायला गेलेली मी, त्या दिवशी घेऊन परत आले. रात्री कितीतरी आठवड्यांनी माझ्या तोंडून प्रभूचे उपकार निघाले, ते त्या आजीसाठी.

पौलाचे वचन त्यानंतर मी नव्याने वाचले. छळ सोसणाऱ्या थेस्सलनीकातील मंडळीला तो सर्व स्थितीत उपकार मानायला सांगतो. प्रत्येक दुःखाबद्दल उपकार माना, असे तो म्हणत नाही. मरण हा शत्रूच आहे, आणि लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू स्वतः रडला. हबक्कूकही अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत, हे आधी स्पष्ट सांगतो; मग परमेश्वराच्या ठायी आनंद करण्याचा निश्चय करतो. खरे दुःख न लपवता देवासमोर ठेवणे हीच उपकारस्तुतीची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसते. दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने त्यांचे वडील आणि आई गेले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. कडेवर लहानगी मनोरमा होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींची बातमी आली, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना आसरा दिला. भूक काय असते हे त्यांना ठाऊक होते. केडगावचे मुक्ती मिशन या सेवेतून वाढले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी १९२२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या.

देव आपले सांत्वन करतो, ते आपण इतरांचे सांत्वन करावे म्हणून, असे पौल करिंथकरांना लिहितो. आपली आशाही इथेच उभी आहे : जो प्रभू कबरेतून उठला, तो आपले अश्रू वाया जाऊ देत नाही.

म्हणून एक विनंती. पाड्यावर जाताना ‘उपकार माना’ असा उपदेश घेऊन जाऊ नका. रिकाम्या डब्यासमोर तो जड होतो. धान्य न्या, औषध न्या, आणि थोडा वेळ ओटीवर बसा. प्रभू तिथे आपल्या आधीच पोहोचलेला असतो.

मननासाठी :
१. कोणते दुःख मी अजून देवासमोर मोकळेपणाने ठेवलेले नाही?
२. माझ्या कठीण दिवसांत देवाने कोणाच्या हातून मला धीर दिला?
३. तो धीर या महिन्यात मी कोणापर्यंत पोहोचवीन?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमचे अश्रू तुला ठाऊक आहेत. आम्हांला मिळालेले सांत्वन वाटून घ्यायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.