पोच घेतली का?

बाबांची सगळी नोकरी चिखलीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. कुणी कुठलाही अर्ज दिल्याचं सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोच घेतली का?" लहानपणी आम्ही भावंडं त्यावरून त्यांची नक्कल करायचो. 2023च्या मार्चमध्ये जर्मनीतली माझी नोकरी नेमकी याच प्रश्नापाशी अडली.

माझं रहिवासी कार्ड 31 मार्चला संपत होतं. नोकरी कायम, कर भरलेला, नूतनीकरण नाकारायला काही कारण नव्हतं. परदेशी नागरिकांच्या कचेरीत भेटीची ऑनलाइन वेळ मी जानेवारीतच घेतली होती. तारीख मिळाली 16 मे. तसा ईमेल आला आणि मी निर्धास्त झालो. 28 मार्चला एचआरच्या बाईंनी विचारलं, 1 तारखेपासून काम करायचा अधिकार दाखवणारा कागद कुठाय? मी तो ईमेल पुढे केला. त्या म्हणाल्या, "ही भेटीची वेळ झाली. अर्ज कुठे आहे?"

अर्ज केलाच नव्हता. तो भेटीच्या दिवशी हातात द्यायचा, अशी माझी समजूत. रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, "अरे, नाफेडला नाव नोंदवलं म्हणजे सोयाबीन काट्यावर चढलं का?"

जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 81, पोटकलम 4 मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं धरलं जातं आणि त्यासोबत कामाचा हक्कही. आपल्याकडे मानीव अभिहस्तांतरण असतं ना, तसा हा मानीव परवाना. सगळं अवलंबून एका तारखेवर: अर्ज कधी पोचला. मुदत उलटल्यावर अर्ज केला तर अधिकारी सवलत देऊ शकतात, पण मग ती त्यांची मर्जी. आणि भेटीची वेळ घेणं म्हणजे अर्ज नव्हे. ती कुठे कुठे चालवून घेतात म्हणे, पण त्या भरवशावर पोट टांगू नका.

अर्जाला ठरावीक नमुनाच लागतो असंही नाही. मी साधं पत्र लिहिलं: माझा परवाना 31 मार्चला संपतो, त्याच कामासाठी मुदत वाढवून द्यावी. पासपोर्ट, कार्ड, नोकरीचा करार, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि विम्याचा दाखला जोडला. आधी ईमेल केला, मग 30 तारखेला कचेरीच्या खिडकीवर स्वतः नेऊन दिलं आणि दुसरी प्रत पुढे सरकवून शिक्का मागितला. शिक्क्यावर तारीख आणि एकच शब्द, 'आइनगांग'. म्हणजे आवक! त्याचा फोटो बाबांना पाठवला, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला अंगठ्याचं चित्र पाठवलं.

हक्क वाचला, पगार मात्र नाही. कंपनीने शिक्क्यावर समाधान मानलं नाही आणि मला बिनपगारी रजेवर बसवलं. राग आला होता, पण त्यांची बाजूही खरी आहे. तिथे कामावर ठेवण्याआधी परवाना तपासणं आणि नोकरी असेपर्यंत त्याची प्रत जपणं मालकाला बंधनकारक आहे. परवाना नसलेल्याला कामावर ठेवलं तर दंड पाच लाख युरोपर्यंत जाऊ शकतो. एचआरच्या बाईंना कलम 81 शिकवायला जाऊ नका. त्यांना फाइलला लावायला कागद हवा असतो.

त्या कागदाचं नाव 'फिक्तिओन्सबेशाइनिगुंग'. हा मानीव परवान्याचा दाखला, फी 13 युरो. तो आपोआप घरी येईल म्हणून मी वाट पाहत बसलो, ही दुसरी चूक. अर्जातच एक ओळ हवी होती: कलम 81, पोटकलम 5 प्रमाणे दाखला द्यावा. मी ती आठवड्याने वेगळ्या पत्राने लिहिली. मध्ये ईस्टरच्या सुट्ट्या आल्या. चैत्र पौर्णिमेला आई रेणुकामातेच्या दर्शनाला गेली आणि तिथून फोन, "कागद भेटला का रे?" मी म्हटलं, वर्षानुवर्षं रखडलेल्या खामगाव-जालना रेल्वेच्या आधी भेटेल. ती हसली नाही.

20 एप्रिलला दाखला मिळाला. घडीचा, फिकट कागद. घाई करू नका, खिडकीपाशीच तिसरं पान उघडा. तिथे तीन चौकटी असतात आणि तुम्हाला फुली हवी ती पोटकलम 4च्या चौकटीत, परवाना पुढे चालू असल्याची. पोटकलम 3ची फुली पडली तर प्रकरण वेगळंच होतं. त्यावर देशाबाहेर गेलात तर परत येताना अडचण. माझ्या पुढच्या माणसाच्या कागदावर चुकीची फुली पडली होती. त्याने तिथेच दाखवली, दोन मिनिटांत दुरुस्त झाली. घरी येऊन कळलं असतं तर पुन्हा भेटीची वेळ घेणं आलं.

जूनमध्ये आत्याच्या मुलीच्या लग्नाला चिखलीला आलो, नवं कार्ड अजून छापून यायचं होतं. परतताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने जुनं कार्ड पाहिलं आणि मान हलवली, "सर, हे एक्स्पायर झालंय." दाखला, जुनं कार्ड, पासपोर्ट, तिन्ही सोबत होते. तरी त्याने वरिष्ठांना बोलावलं, आणि चाळीस मिनिटं गेली. पोटकलम 4वर परत येता येतं, पण हे काउंटरवरच्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. अशा वेळी थेट विमान बघा आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधीच पोचा. फार गरज नसेल तर कार्ड हातात येईपर्यंत जाऊच नका. लग्नाला मात्र मी गेलो असतोच.

हल्ली गावी आलो की बाहेर निघालेली पोरं विचारायला येतात. कुणी इंग्लंडला, कुणी कॅनडाला. तिथले नियम वेगळे, ते त्यांनी तिथलेच बघावेत. मी त्यांना पासपोर्टची मुदत तेवढी आधी बघायला सांगतो, कारण जर्मनीत परवाना सहसा पासपोर्टच्या पुढे वाढत नाही. बाकीचं बाबा विचारतात.

बायकोचं कार्ड 2026च्या डिसेंबरात संपतं. बाबांच्या डायरीत सप्टेंबरच्या पानावर नोंद आहे: सूनबाई, अर्ज. आणि त्याखाली लाल शाईने: पोच.